नीरेत कयाकवरून मासा लागला, पण खडशी की कोळस? मरळ की फुलमरळ? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न वाचला, तीनही फोटो मोठे करून बघितले. ज्यांनी वरचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हे भाऊ पुण्यातून शनिवार-रविवार भोर ते सारोळा या पट्ट्यात नीरा नदीवर हवा भरायची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) घेऊन जातात, आठ महिने झाले, मासे बऱ्यापैकी लागतात, पण गावातले एक नाव सांगतात, गूगल दुसरं सांगतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसरंच काहीतरी येतं. एका माशाला ते मरळ म्हणाले तर त्यांचे काका म्हणाले फुलमरळ. दुसरा त्यांना खडशी म्हणजे महसीर वाटतोय. तिसरा रोहू की मृगळ कळत नाहीये. आणि शेवटी विचारलंय की ठेवायचा कुठला, सोडायचा कुठला, आणि कयाक बदलू का.

मला विचाराल तर खरा प्रश्न 'हा कुठला मासा' हा नाहीच. घरी सोफ्यावर बसून, पुस्तक उघडून, फोटो झूम करून कोणीही ओळखेल. तुमची अडचण अशी आहे की तुम्ही हलत्या कयाकवर बसलाय, एका हातात रॉड, दुसऱ्या हातात जाळी, मासा धडपडतोय, वल्हं मांडीवरून घसरतंय, आणि त्या वीस-तीस सेकंदांत ठरवायचंय की याला सोडू की ठेवू. म्हणजे ओळखण्याची पद्धत अशी पाहिजे जी ओल्या हातांनी, कमी वेळात, मासा पाण्यात असतानाच करता येईल. मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो. मी काही शास्त्रज्ञ नाही, लहानपणापासून वडिलांबरोबर काठावरून गळ टाकायचो, कयाक गेली आठ-नऊ वर्षं. पण चुका भरपूर केल्यात.

पहिली गोष्ट, रंगावर विश्वास ठेवू नका. जूनमधल्या गढूळ पाण्यातला मासा आणि जानेवारीतल्या नितळ पाण्यातला तोच मासा वेगळे दिसतात. दगडाळ डोहातला काळपट असतो, वाळूवरचा फिका. जाळीत पाच मिनिटं ठेवला तरी रंग उतरतो. गूगल जे चुकतं ते याच्यामुळेच चुकतं, त्याला फोटोत रंग आणि आकार दिसतो, खवले मोजता येत नाहीत. आणि गावातलं नाव चुकीचं असतं असं नाही हां, उलट बरेचदा तेच बरोबर असतं, पण दर दहा कोसांवर बदलतं. भोरकडे ज्याला एक म्हणतात त्यालाच इंदापूरकडे दुसरं म्हणतात.

मी बघतो तोंड, मग पाठीचा पंख, मग खवले, आणि शेपटी सगळ्यात शेवटी. तोंड आधी का, तर मासा जिथे खातो तसं त्याचं तोंड असतं आणि ते गढूळ पाण्याने किंवा वयाने बदलत नाही. कटला वरच्या थरात खातो, म्हणून त्याचं तोंड वर वळलेलं, खालचा ओठ जाड, डोकं अंगाच्या मानाने अवाढव्य, आणि मिशा नाहीतच. रोहू मधल्या थरात चरतो, तोंड किंचित खाली, ओठ जाड आणि कडेला झालर असल्यासारखे कातरलेले. मृगळ तळाशी चरतो, तोंड रुंद, ओठ पातळ, खालचा ओठ तर जवळजवळ नसल्यासारखाच. म्हणजे कुठल्या खोलीवर लागला हे लक्षात ठेवलंत तर अर्धं उत्तर तिथेच. गळ तळाला पिठाच्या गोळीवर होता आणि ओठ पातळ असतील तर मी मृगळ म्हणतो आणि पुढे जातो. हे तिघेही मूळचे गंगेच्या बाजूचे, आपल्याकडे धरणांत बीज सोडून आलेले, त्यामुळे खायला ठेवायचा असेल तर यातला एखादा ठेवा, मला त्यात काही वाईट वाटत नाही.

पण रोहूच्या बाबतीत एक खोडा आहे. आपल्या नद्यांत तांबीर म्हणून एक मासा आहे, हा इथलाच, रोहूचा जवळचा भाऊबंद, ओठांना झालर त्यालाही असते आणि अंगावर लालसर छटाही. नवा माणूस शंभरातल्या नव्वद वेळा याला रोहू म्हणणार. इथे पाठीचा पंख उघडून बघायचा. अंगठा आणि बोटाने हळूच पंख उभा करा, रोहूचा आखूड असतो, फांद्या फुटलेले काटे बारा-तेराच. तांबीरचा लांब, पंधरा ते अठरा, पाठीवर शीड उभारल्यासारखा दिसतो. मोजत बसायची गरज नाही, दोन-तीनदा बघितलं की डोळा तयार होतो. तिसरा भाऊ कानस, त्याचा अंगरंग काळा आणि मिशांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतात, त्याला ओळखायला सहसा त्रास होत नाही.

आता खडशी आणि कोळस, हे जरा निवांत सांगतो, कारण इथे मी स्वतः चार वर्षं तोंडावर पडलोय.

भोरच्या वरच्या अंगाला एका डोहात मला एक मासा लागला होता, सव्वा किलोच्या आसपास, सोनेरी झाक, मोठाले खवले, ताकद म्हणाल तर कयाकच ओढत नेली चार-पाच फूट. मी खूश, फोटो काढला, सोडला, आणि ग्रुपवर टाकला 'माझी पहिली खडशी'. काठावर एक म्हातारे भोई मामा जाळं सुकवत बसले होते, त्यांनी लांबूनच बघून सांगितलं होतं, "कोळस हाय त्यो." मी मनात म्हटलं मामांना काय दिसतंय एवढ्या लांबून. चार वर्षांनी एका पावसाळ्यात रिकामा बसलो होतो, जुने फोटो काढले आणि सहज खवले मोजले. एक्केचाळीस! खडशीला पार्श्वरेषेवर पंचवीस ते सत्तावीस खवले असतात, बस्स. पार्श्वरेषा म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध बारीक टिपक्यांची रेघ जाते ती, त्या रेघेवरचे खवले मोजायचे. कोळसाचे चाळीसच्या पुढे जातात. म्हणजे मामा बरोबर होते, मी चूक, आणि चार वर्षं तो फोटो माझ्या फोनचा वॉलपेपर होता.

कयाकवर एक्केचाळीस खवले कोण मोजणार, बरोबर आहे. पण मोजायचे नसतातच, तुलना करायची. खडशीचा एकेक खवला एवढा मोठा असतो की किलोभराच्या माशावर तो तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा भरतो. कौलारू घराची कौलं आठवा. कोळसाचे त्यामानाने बरेच लहान. दुसरं, खडशीचे ओठ जाड, मांसल, आणि मिशांच्या दोन जोड्या चांगल्या लांब. तिसरं, पाठीच्या पंखाचा पहिला मोठा काटा मजबूत पण गुळगुळीत. हा गुळगुळीतपणा लहान माशांत फार कामाला येतो, कारण विती-दीड वितीची खडशी आणि सारणा (हाही मोठ्या खवल्यांचा, दोन जोड मिशांचा) एकसारखे दिसतात. सारण्याच्या त्या काट्याला मागच्या कडेने करवतीसारखे दात असतात. नख हलकेच फिरवून बघा. खरखर लागलं तर सारणा, गुळगुळीत लागलं तर खडशीचं पिल्लू, आणि ते ताबडतोब पाण्यात. सायप्रिनसलाही (म्हणजे कॉमन कार्पला) तसाच करवती काटा असतो पण त्याचा पाठीचा पंख इतका लांब असतो की गोंधळ होऊ नये. जाळीत मात्र तो काटा असा अडकतो की सोडवताना शिव्या येतात तोंडात.

थोडं विषय सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. यातल्या काही माशांची जी लॅटिन नावं आहेत ना, ती आपल्या भोई लोकांचीच आहेत. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी होता, मुंबई सरकारात, त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं केली आणि ती १८३९ साली छापून आली. त्याने मासेवाल्यांना विचारून नावं लिहून घेतली आणि तीच शास्त्रीय नाव म्हणून लावली. खडशीचं 'खुद्री', कोळसाचं 'कोलस', मसुळ्याचं 'मसुल्ला', नुक्त्याचं 'नुक्ता'. आणि खडशीचा जो पहिला नमुना शास्त्रात नोंदला गेला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला. आज त्या पाण्यात काय पोहतं ते तुम्ही पुलावरून बघताच. मला म्हणायचंय काय, की जगभरातले संशोधक ज्याला खुद्री म्हणतात ते नाव आपल्या मामांच्या तोंडचं आहे, तेव्हा काठावरच्या म्हाताऱ्याने काही सांगितलं तर माझ्यासारखं उडवून लावू नका, आधी ऐका आणि मग मोजा.

नुक्त्याचं नाव आलंच आहे तर, नाकाडावर शिंगासारखा टेंगूळ असलेला मासा कधी हातात आला तर तो जखमी किंवा आजारी नाही, तो नुक्ता आहे, कृष्णेच्या खोऱ्यातला दुर्मिळ मासा. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, सोडून द्या. मला आजवर एकदाच मिळालाय.

आता मरळ. तुमच्या पहिल्या फोटोवरून बरीच चर्चा झाली म्हणून नीट सांगतो. आपल्याकडे गोड्या पाण्यात या कुळातले चार तरी भेटतात. साधी मरळ, फुलमरळ, अंगभर ठिपक्यांची एक बुटकी जात, आणि ओढ्यातला छोटा डोक किंवा डोकऱ्या, ज्याच्या पंखांना नारिंगी किनार असते आणि जो वीतभराच्या फारसा वर जात नाही. शेवटच्या दोघांचा गोंधळ आकारामुळेच होत नाही. भांडण असतं पहिल्या दोघांचं.

फुलमरळीला शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, काळा ठिपका आणि त्याभोवती नारिंगी-पिवळं कडं असतं, तेच ते फूल. साध्या मरळीला ते नसतं, तिच्या अंगावर तिरके पट्टे असतात, पाठ काळपट आणि पोट पांढरं. इतकं सरळ असतं तर तुम्ही विचारलंच नसतं. गोची दोन ठिकाणी होते. साध्या मरळीच्या पिल्लाला पण एक 'डोळा' असतो, पण तो पाठीच्या पंखाच्या मागच्या टोकाला असतो, शेपटीवर नाही. लोक म्हणतात डोळा दिसला म्हणजे फुलमरळ. नाही, डोळा कुठे दिसला ते बघा. आणि दुसरी गोची, म्हाताऱ्या मोठ्या फुलमरळीचं फूल पुसट होत जातं, कधीकधी दिसतच नाही. मग काय बघायचं? तर कुशीवर पाच-सहा मोठे काळे डाग ओळीने आणि त्यांच्यावर पांढरे मोत्यासारखे ठिपके शिंपडल्यासारखे, ते राहतात. पाठीच्या पंखाचे काटे मोजून पण सांगता येतं असं पुस्तकात असतं, फुलमरळीचे पंचेचाळीस ते पंचावन्न, साध्या मरळीचे सदतीस ते शेहेचाळीस, पण मधे ते एकमेकांत शिरतात आणि मरळ हातात धरून पन्नास काटे मोजणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तुमच्या फोटोत शेपटीच्या बुडाशी फूल आहे, पुसट आहे पण आहे, आणि कुशीवर डाग पण दिसतात. काका बरोबर. फुलमरळ.

मरळीचं अजून एक, हे ओळखण्यापेक्षा महत्त्वाचं. मरळीला श्वास घ्यायला पाण्यावर यावंच लागतं, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. म्हणून कयाकवरून मरळ शोधायची म्हणजे वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसायचं, जलपर्णीच्या कडेला कुठे 'पुच्च' करून बुडबुडा फुटतो ते बघायचं. पण पावसाळ्यात कधी पाण्यावर लालभडक पिल्लांचा गोळा खदखदताना दिसेल, आणि त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतील. त्या वेळी तिथे बेडूक-लुअर (बेडकासारखं नकली आमिष) टाकला की ते शंभर टक्के मारतात, भूक म्हणून नाही, पिल्लांना वाचवायला. व्हिडिओत लोक हेच करतात आणि 'ॲग्रेसिव्ह स्ट्राइक' म्हणून टाळ्या घेतात. आई उचलली की तासाभरात बाकीचे मासे ती पिल्लं संपवतात. मी तरी त्या जागेवरून कयाक फिरवतो.

तसंच वलगणीचं. पहिल्या पावसात मासे अंड्यांनी भरलेले वर चढतात, ओढ्या-नाल्यांत घुसतात, आणि गावंच्या गावं काठ्या-टोपल्या घेऊन उतरतात. मी लहानपणी उतरलोय, चवीचं कौतुक मला सांगू नका, माहितीये. पण कयाक घेऊन नदीवर जाणाऱ्या माणसाला पोट भरायचं नसतं, तो गाडीत दोन हजाराचं पेट्रोल टाकून येतो. त्याने जून ते ऑगस्ट घरी बसावं. शिवाय त्या दिवसांत नीरेत कयाक घालणं हा तसाही मूर्खपणा आहे, त्याकडे येतोच.

शिवडा आणि पाबदा यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणार, कारण त्या पट्ट्यात दोन्ही लागतात. लहान शिवडा आणि पाबदा दोन्ही चपटे, बिनखवल्यांचे, चांदीसारखे. तोंड मिटलेलं असताना त्याची चीर कुठपर्यंत जाते ते बघा. शिवड्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते, पाबद्याची डोळ्यापर्यंत पोचतसुद्धा नाही. आणि पाबद्याच्या खांद्याजवळ एक काळा ठिपका असतो. तोंडात बोट घालून बघू नका, शिवड्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, बोट आत सहज जातं, बाहेर येत नाही. शिंगाळा आणि कटारण्यासारख्या काटेवाल्या माशांना तर टॉवेलशिवाय हातच लावायचा नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. थर्मासमध्ये चहा नेता तसं गरम पाणी पण न्या. सूज वाढायला लागली तर मात्र डॉक्टर. चिलापी कुठलीही असो, मोझांबिक असो की शेपटीवर उभे पट्टे असलेली नाईल, परकी आहे, खुशाल खा.

आता कयाक. बदलू का, तर ते अवलंबून आहे. तुम्ही फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि गाडीवर कॅरिअर नसेल तर हवेचीच बरी, बारा-पंधरा किलोत काम होतं, एकटा माणूस काठापर्यंत उतरवू शकतो. कडक प्लॅस्टिकची नऊ-दहा फुटी सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर बसायची) घेतलीत तर पंचवीस-तीस किलो, नीरेच्या त्या दगडगोट्यांच्या उतारावरून एकट्याने ओढताना कंबर बोलते. पण बाभळीचे काटे, तुटलेल्या बाटल्या आणि कोणीतरी सोडून दिलेले गळ यांना ती घाबरत नाही. बारा फुटांच्या वर जाऊ नका, लहान नदीत वळवताना त्रास होतो. मी कडक वापरतो कारण माझं घर नदीपासून वीस मिनिटांवर आहे. पुण्यात राहत असतो तर कदाचित हवेचीच घेतली असती.

पण मासे ओळखण्याशी कयाकचा संबंध आहे तो असा की मासा मांडीवर घ्यायचा नाही. हे मी शिकलो त्याची किंमत अंगठ्याने दिलीय. शिवडा होता, तीन किलोचा असेल, उत्साहात जाळीशिवाय उचलून पायांमधे ठेवला, त्याने एक उसळी मारली आणि लुअरचा मागचा तिहेरी गळ माझ्या अंगठ्यात आणि पुढचा त्याच्या जबड्यात. म्हणजे मी आणि शिवडा एकाच लुअरला. तो उसळला की मी ओरडणार. या सगळ्यात कयाक प्रवाहाबरोबर केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्याकडे चाललेली, वल्हं मारायला हात नाही. शेवटी कडेच्या करंजाच्या फांदीला पाय अडकवून थांबलो आणि पक्कडीने लुअर तोडली. त्या दिवसापासून तिहेरी गळ काढून एकेरी लावतो, त्याचा कुसळ, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, पक्कडीने दाबून टाकतो, आणि रबरी जाळीची लांब दांडीची लँडिंग नेट घेतल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. मासा जाळीत, जाळी पाण्यात, कयाकच्या कडेला टेकवलेली. तिथेच तोंड बघा, पंख उघडा, खवले बघा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी लागते.

फोटो तीन काढायचे. एक पूर्ण कुशीचा, आडवा, मासा सरळ, पंख मिटलेले असले तरी चालेल. एक तोंडाचा जवळून. एक पाठीचा पंख उभा करून. तुम्ही जो काढलाय ना, मासा कॅमेऱ्याकडे हात लांब करून, तो फेसबुकला छान दिसतो, ओळखायला शून्य उपयोगाचा. मोजपट्टीसाठी वल्ह्याच्या दांड्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, मासा शेजारी धरला की झालं. खवले घरी जाऊन मोजा, स्क्रीनवर, चहा पीत. मासा पाण्याबाहेर एका दमात, म्हणजे तुम्ही श्वास रोखून धराल तेवढा वेळ. एप्रिल-मेमध्ये तर त्याहून कमी, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, दमलेली खडशी पोहत गेली असं वाटतं आणि पुढच्या वळणावर पोट वर करून तरंगते. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुडाशी हलकं धरा, ती स्वतः जोर मारून हातातून सुटली पाहिजे.

नांगराबद्दल एकच. वाहत्या पाण्यात कयाकच्या कुशीला नांगर बांधू नका, कधीच. पाणी आडव्या कयाकवर चढतं आणि ती उलटायला दोन सेकंद लागतात. टोकाला बांधा, किंवा सरळ फांदीला क्लिप लावा, आणि दोरी झटकन सुटेल अशी गाठ आणि एक चाकू छातीच्या खिशात.

आणि पाणी. नीरा लहान दिसते म्हणून फसू नका. तुमच्या पट्ट्याच्या वर एकीकडे नीरा-देवघर आणि दुसरीकडे वेळवंडीवरचं भाटघर, दोन्हीकडून आवर्तन सुटतं, वर आकाशात एक ढग नसताना पाणी फूटभर वाढलेलं मी बघितलंय. माझी युक्ती साधी आहे, उतरतो तिथे पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो आणि दर वळणावर तसाच एखादा दगड ध्यानात ठेवतो. दगड बुडाला तर मासा चावतोय की नाही न बघता काठ. केटी बंधाऱ्याच्या वरून तर जायचंच नाही आणि खालूनही जवळ जायचं नाही, खाली जे पांढरं पाणी गोल फिरतं ते माणसाला परत परत आत ओढतं, लाइफ जॅकेट असलं तरी. कयाक काढून काठाने चालत जा. लाइफ जॅकेट मागे ठेवायला नसतं, घालायला असतं, हे मी दर वेळी कोणाला तरी सांगतोच.

ठेवायचं-सोडायचं यात परवानगीचाही भाग आहे. धरणाच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. वीर धरणाच्या फुगवट्यात शिरण्याआधी गावात विचारा, संस्थेचा माणूस भेटतोच. मला आजवर नीट विचारल्यावर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट जाळी कुठे लावलीत ते सांगतात, म्हणजे वल्हं अडकत नाही. देवस्थानाचे डोह असतात तिथे तर गळ बाहेरच काढायचा नाही. महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंड, वाड्याकडे वैतरणेवरचं तिळसे, इंद्रायणीवर देहू, तिथल्या खडशी लोकांनी देवाच्या म्हणून सांभाळल्यात. आणि करंट लावणारे किंवा गावठी बॉम्ब टाकणारे दिसले तर वाद घालू नका, एकटे असता, लांबून पोलिसांना कळवा. बॉम्ब आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, नवीन काही नाही.

माझा स्वतःचा हिशोब असा: खडशी, कोळस, तांबीर, नुक्ता, मोठी फुलमरळ सोडतो. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, चिलापी यातला एखादा घरी आणतो, बायको म्हणते तेव्हाच. आणि ओळखता आला नाही तर सोडतो, कारण सोडलेला मासा चुकून कुठला का असेना, फरक पडत नाही.

आता राहिले तुमचे दोन फोटो. दुसरा, ज्याला तुम्ही खडशी म्हणताय, त्यात मी मोजायचा प्रयत्न केला, तुमची बोटं मधे आलीत म्हणून अर्ध्या अंगावरचेच दिसतात, पण अर्ध्यातच एकोणीस-वीस भरले. म्हणजे पूर्ण अंगावर चाळीसच्या घरात जाणार. वाईट वाटून घेऊ नका, कोळस आहे, माझ्या वॉलपेपरवाल्यासारखाच. तिसऱ्याचं तोंड फोटोत खाली गेलंय, पंख मिटलेला, त्यामुळे रोहू, मृगळ की तांबीर हे मी सांगणार नाही. कुठल्या खोलीवर आणि कशावर लागला होता ते आठवत असेल तर खाली लिहा, आणि तोंडाचा एखादा धूसर फोटो जरी फोनमधे उरला असेल तरी टाका.